घरी बोलली जाणारी भाषा

१२ ऑगस्ट, मंगळवार

शाळा सुरू झाली. पटावर एकशे तेरा मुलं. गेल्या वर्षी एकशे एकतीस होती, त्याच्या आदल्या वर्षी एकशे शेहेचाळीस. ला नोरिया कला शाळेचा पट अकरा वर्षं मीच ठेवते आहे, त्यामुळे हे आकडे मला कुठे बघावे लागत नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा, असं आमच्या सनदेत, म्हणजे शाळा चालवायला राज्याने दिलेल्या परवान्यात, लिहिलं आहे. चिठ्ठ्यांसाठी आणलेल्या पत्र्याच्या डब्यात आता रमोनाचे ब्रश असतात.

रमोना तेनोरिओ मातीकाम शिकवते. दुपारी दारात येऊन म्हणाली, "बर्नी, बाहेर झाडाखाली बसतेय जेवायला. येतेस?" मी म्हटलं, काम आहे. काम होतंच. शिवाय तिला माणसांची काय कमी? मी वाटेत दिसले म्हणून विचारलं असेल.

१४ ऑगस्ट

प्रुइटनी बोलावलं. आमचे संचालक. फिलाडेल्फियाहून आले त्याला दोन वर्षं झाली, वयाने माझ्या मुलीएवढे, टेरेसाएवढे. समोर राज्याच्या मंडळाचं पत्र होतं. सनदेची मुदत डिसेंबरात संपते, आणि नवी देण्यापूर्वी मंडळाला दोन गोष्टी बघायच्या आहेत. एक, शाळेच्या चाळिसाव्या दिवशी जी मोजणी होते तिच्यात पट किमान एकशेवीस हवा. दुसरी दीड पान भरून लिहिली होती. तिचा अर्थ एवढाच, की आमची मुलं आजूबाजूच्या वस्तीसारखी नाहीत. इथल्या इतर शाळांत शंभरातली अडतीस मुलं घरी इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलतात, आमच्याकडे नऊ.

तो तक्ता मीच दरवर्षी भरून पाठवते. वंश, घरची भाषा, मोफत जेवण. माझ्याच अक्षराने आमची चहाडी केली.

प्रुइट म्हणाले, "आपण कालव्याच्या खालच्या वस्तीत कधी गेलोच नाही. डेअरीवर राबणारी सगळी माणसं तिथे ट्रेलरच्या घरांत राहतात. त्यांना ही शाळा आहे हेही माहीत नसेल. मी गेलो तर कोणी दार उघडायचं नाही. तुम्ही जाल? तुम्ही इथल्या आहात, तुम्हाला भाषा येते."

मी हो म्हटलं.

दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही म्हणून इथे लिहिते. मला स्पॅनिश येत नाही. आडनाव स्पॅनिश, आर्चिबेके, नाकडोळे आईचे, तरी येत नाही. खाण्याच्या पदार्थांची नावं, दोन शिव्या आणि प्रार्थनेची पहिली ओळ, संपलं. शाळेत स्पॅनिश बोलली म्हणून आईला पट्टीने मारायचे, तळहातावर नाही, बोटांच्या पेरांवर. पुढे ती आम्हा मुलांशी त्या भाषेत अवाक्षर बोलली नाही. बाबांशी बोलायची ती खोलीचं दार लावून. साठ वर्षं मी लोकांना वाटतं ते वाटू दिलं. आता तेच माझं काम झालं.

१९ ऑगस्ट

चार वाक्यं पाठ केली. मी शाळेतून आले आहे. ही कलेची शाळा आहे. पैसे लागत नाहीत. इथे सही करा.

कालव्याखाली अकरा दारं. चार ठिकाणी कुत्री, तीन ठिकाणी कुणी नाही. एका बाईने ऐकून घेतलं, मग बराच वेळ काहीतरी विचारत राहिली. मी पुन्हा "पैसे लागत नाहीत" म्हटलं. ती हसली. वाईट नव्हती, पण हसली. थंड पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

गाडीत बसून पाणी प्यायले. ग्लास परत द्यायचा राहिला म्हणून पुन्हा दार वाजवावं लागलं.

२४ ऑगस्ट, रविवार

आईकडे गेले. वृद्धाश्रमातल्या पोरी म्हणतात, ती आता इंग्रजी बोलतच नाही. आधी औषधांची नावं गेली, मग आमची, आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली आहे ती दाराआडची भाषा, आणि ती दिवसभर चालू असते.

मला वाटलं, बरंच झालं, सराव होईल. शाळेचा फॉर्म आणि पेन घेऊन तिच्यासमोर बसले. "सही करा"चा उच्चार बरोबर आहे का विचारायचा होता. तिने आधी फॉर्म पाहिला, मग माझ्या हातातलं पेन पाहिलं. बोलणं मध्येच थांबलं. दोन्ही हात तिने शालीखाली घेतले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "मी नाही बोलत होते, मिस. ती दुसरी मुलगी होती."

फॉर्म पिशवीत ठेवला, पेनही ठेवलं. हात काही बाहेर आले नाहीत.

घरी येऊन टेरेसाला डेन्व्हरला फोन केला. ती दुकानात होती, मागून करते म्हणाली.

२८ ऑगस्ट

आज जमलं! डेअरीच्या मागच्या बाजूला शेवटचा ट्रेलर. आन्सेल्मो हेरोनिमो, गाई पिळण्याच्या पाळीवरून नुकताच आलेला, रबरी बूट दाराबाहेर. मी चारही वाक्यं म्हटली. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्याने नीट न्याहाळलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मान डोलावली. प्रत्येक वाक्याला "सी, सेन्योरा," हो बाईसाहेब. मध्ये एकदा मी अडखळले तरीही "सी, सेन्योरा." बायको आतून त्याच्याशी काहीतरी भराभर बोलत होती. इतक्या वेगाचं स्पॅनिश मला कुठलं कळायला. मुलगी तेरा वर्षांची, मिकाएला, कोपऱ्यात उभी होती.

फॉर्म मीच भरला. घरी बोलली जाणारी भाषा: स्पॅनिश. त्याने उभं राहून सही केली. पेन दोनदा हातातून निसटलं. दिवसभर काम करून आलेला माणूस.

निघताना त्याने मला शेजारच्या दोन दारांपर्यंत नेलं आणि तिथल्या लोकांना माझं ओळखपत्र दाखवलं. माटियास आणि ओर्दोन्येस, दोन्ही घरांत मान डोलली. तीन आणि दोन, पाच मुलं आणखी. पाचही ठिकाणी स्पॅनिश लिहिलं.

माझं बोलणं कुणाला तरी पटलं. किती दिवसांनी असं झालं.

११ सप्टेंबर

टेक्सासहून आलेली जुळी धरून पट एकशे एकवीस. प्रुइटनी केक आणवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे बर्नीने केलं. या शाळेत आहे कोणी, जो कालव्याखाली जाऊन त्यांच्या भाषेत बोलेल?" टाळ्या वाजल्या. रमोना माझ्याकडे बघत होती. मी केकचा तुकडा टेबलाशी नेऊन खाल्ला.

तक्ता नव्याने काढला. शंभरात नऊचे तेरा झाले.

२१ सप्टेंबर, रविवार

आईकडे. आज हातात काही नेलं नाही. तिने मला तिची बहीण समजून तासभर गप्पा मारल्या. एक अक्षर कळलं नाही. ती थांबली की मी "सी" म्हणायचे, हसली की हसायचे, आवाज खाली आला की मान हलवायचे. ती खूश होती. मान डोलवली की माणसाला सगळं पोचलं असं वाटतं. निघताना तिने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिली. मी "सी" म्हटलं. तिचा चेहरा पडला. काय विचारलं असेल?

२५ सप्टेंबर

मिकाएलाची भाषेची चाचणी झाली. परीक्षक बाई खास स्पॅनिशच्या म्हणून शहरातून आल्या होत्या. अर्ध्या तासात बाहेर आल्या. "या मुलीला इंग्रजी येत नाही आणि स्पॅनिशही येत नाही. 'खिडकी' दाखव म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघते. मतिमंदत्वाची तपासणी करून घ्या."

"वडील बोलतात की," मी म्हटलं.

"काय बोलतात?"

मला "सी, सेन्योरा"च आठवलं.

जेवणाच्या सुट्टीत ती मातीकामाच्या खोलीत असते. आज दारातून पाहिलं. रमोना तिच्या शेजारी बसून चाक फिरवत होती. दोघी एक शब्द बोलत नव्हत्या. मंद मूल असं काम करत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवडाभर फॉर्मकडे बघत बसले. माझंच अक्षर. आज रमोनाकडे गेले आणि म्हटलं, "माझ्याबरोबर कालव्याखाली येशील? मला स्पॅनिश येत नाही."

तिने हात पुसले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. आपल्यात कोणी स्पॅनिशमध्ये विनोद केला की तू सगळे हसल्यावर हसतेस." मग किल्ल्या घेत म्हणाली, "माझी गाडी घेऊ. तुझ्या गाडीचा पत्रा रस्त्यात गळून पडेल."

हेरोनिमोंकडे आज मिकाएलाची आत्या होती, दोमिंगा. ती बाजारात कोथिंबीर विकते, म्हणून तिला स्पॅनिश येतं. त्या घरात ते एकट्या तिलाच येतं. बाकीच्यांची भाषा माम. ग्वातेमालाच्या डोंगरातली, स्पॅनिशशी तिचा काही संबंध नाही. आन्सेल्मोला डेअरीवर लागतात तेवढे शब्द येतात: गाय, बादली, उद्या लवकर, हो बाईसाहेब.

मी बोलायची ते रमोना स्पॅनिशमध्ये सांगायची, दोमिंगा माममध्ये. उत्तर तसंच उलट्या वाटेने यायचं. एका वाक्याला तीन वेळा थांबायचं. मी म्हटलं, मी भाषा चुकीची लिहिली, माफ करा. ते पोचलं. आन्सेल्मो काहीतरी म्हणाला. दोमिंगाने त्याच्याकडे दोनदा बघितलं, मग सांगितलं. मी रमोनाकडे वळले.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मुलगी द्यायची होती ती दिली. आता अजून काय पाहिजे सरकारला?"

त्याला वाटलं होतं मी सरकारची बाई. गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात कागद. कागदावर सही केली नाही तर कुटुंबाला उचलून नेतील असं वाटलं. शेजाऱ्यांकडेही त्याने मला त्यांना वाचवायला म्हणूनच नेलं होतं. म्हणजे ती मान पटल्यामुळे डोलत नव्हती.

ओळखपत्र काढून खिशात घातलं. म्हटलं, त्याला सांग, कुणी सक्ती केलेली नाही. मुलगी जुन्या शाळेत परत जाऊ शकते, उद्यासुद्धा. रमोनाने मला इंग्रजीत हळूच विचारलं, "बर्नी, मोजणी बुधवारी आहे. सांगू?"

मी मनात वजाबाकी केली. मग म्हटलं, सांग.

५ ऑक्टोबर, रविवार

माटियास आणि ओर्दोन्येस यांना अजून सांगितलेलं नाही. मी गेले नाही तर बुधवारी, मिकाएला गेली तरी, एकशेवीस भरतील. गुरुवारी सांगितलं तरी ते खरं सांगणंच होईल. तीन दिवसांनी कुणाचं काय बिघडणार? शाळा बंद झाली तर एकशे पंधरा मुलं रस्त्यावर येतात, त्यांचं काय?

हा हिशेब चर्चमध्ये मांडत बसले आणि आजूबाजूची माणसं उठली तेव्हा उठायचं विसरले.

६ ऑक्टोबर

प्रुइटना सगळं सांगितलं. स्पॅनिशचंही. त्यांनी पटाचा कागद पुढे ओढला.

"उरलेल्या दोन घरांना गुरुवारी सांगितलं तर?"

"मीही तेच म्हणत होते स्वतःला, कालपर्यंत."

"मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये."

"माहीत आहे मला."

"माझीच चूक," ते म्हणाले. "भाषा येते का, असं मी विचारलंच नव्हतं. येते म्हणून मीच सांगितलं होतं." मग म्हणाले, "जा."

७ ऑक्टोबर

रमोना, दोमिंगा आणि मी दोन्ही घरी गेलो. माटियासची तिन्ही मुलं परत जाणार. जुन्या शाळेची बस दारात येते, आमची कालव्यापलीकडेच थांबते आणि धाकटी पुलाला घाबरते. सहा आठवडे रोज घाबरली आणि मला पत्ता नाही. ओर्दोन्येसची दोन्ही परत जाणार. त्यांनी कारण दिलं नाही. देण्याची गरजही नव्हती.

मग हेरोनिमोंकडे मिकाएलाला बापाने आमच्यासमोर विचारलं. तिला मी पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. लांबलचक बोलली, हात हलवत, मध्ये आत्याला दटावून. वाक्य फिरून माझ्यापर्यंत आलं ते एवढंसं होऊन: "राहते म्हणते. मातीच्या तासाला कुणी बोलायला लावत नाही म्हणून."

८ ऑक्टोबर, बुधवार

चाळिसावा दिवस. पट एकशे सोळा. सही केली आणि पाठवला.

हेरोनिमोंच्या फॉर्मवर घरची भाषा खोडून माम लिहिलं. मंडळाच्या यादीत ती भाषा नाही. 'इतर' करा म्हणतात. 'इतर' केलं. तेराचे दहा झाले.

१९ नोव्हेंबर

प्रुइटनी शोधून काढलं की फोनवर माम दुभाषी मिळतो. आठवड्यातून दोन तास. गणिताचे सर म्हणतात, मिकाएलाला अपूर्णांक वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा चांगले येतात. तिच्या कागदांत ती मतिमंद तपासणीची शिफारस होती, ती मागे घेतल्याचं पत्र आज लावलं.

रमोना जेवायला बोलवायला आली होती. आज गेले. थंडी होती, दोघी कोट घालून बसलो. तिने मक्याच्या दाण्यांचं रसदार पोसोले आणलं होतं, अर्धं मला दिलं. मग म्हणाली तिला सान्ता फेच्या एका शाळेने नोकरीसाठी विचारलं आहे. मी म्हटलं, जा की, छान आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. चुकीचं बोलले की काय, कळलं नाही.

१२ डिसेंबर

मंडळाची सभा. शाळेची मुलं गाणं म्हणायला आली होती, ते चांगलं झालं. मग तक्ते दाखवले. एका सभासदाने विचारलं, सप्टेंबरात एकशे एकवीस आणि ऑक्टोबरात एकशे सोळा, हे कसं? प्रुइट उठायला लागले. मीच उठले आणि घडलं ते सांगितलं. सांगताना आवाज नीट राहिला.

अध्यक्ष बाई म्हणाल्या, प्रामाणिकपणाबद्दल आभार. मग मत घेतलं. चार विरुद्ध तीन. सनद मिळाली नाही. शाळा मे अखेर बंद.

गाडीपाशी मुलांच्या आया उभ्या होत्या. काही रडत होत्या. एक मला म्हणाली, "तीन दिवस थांबता आलं नाही तुम्हाला?" चार मुलं कमी पडली. तीन घरांना खरं सांगितलं म्हणून पाच गेली. बेरीज-वजाबाकी कोणालाही येते.

९ जून, मंगळवार

गेले दोन आठवडे इमारतीत मी एकटी आहे. पट बंद करून प्रत्येक मुलाचे कागद त्याच्या पुढच्या शाळेला पाठवायचे, एवढंच काम उरलं आहे. प्रुइट फिलाडेल्फियाला गेले. रमोना सान्ता फेला. जाताना पत्ता लिहून दिला, तो फ्रिजवर लावला आहे. पत्र लिहायचं म्हणते, पण सुरुवात काय करावी? खुर्च्या लिलावात गेल्या, माझी ठेवली आहे. फोन अजून चालू आहे पण वाजत नाही.

आज वाजला. सरकारी हायस्कूलच्या नोंदणीतली मुलगी होती. आवाजावरून नवीन असावी.

"मिकाएला हेरोनिमोचे कागद मिळाले. घरच्या भाषेपुढे तुम्ही 'इतर' केलंय आणि बाजूला हाताने काहीतरी लिहिलंय. आमच्या यादीत ते नाही. स्पॅनिश करू का? आमच्याकडे सगळ्यांचं तेच असतं."

"नका करू," मी म्हटलं. "तिला स्पॅनिश येत नाही."

"मग रिकामं ठेवू?"

"रिकामंही नको. माम आहे. बाजूला हातानेच लिहा, आणि फोनवरच्या दुभाष्याचा नंबर मागच्या पानावर आहे, तो पहिल्याच दिवशी लावा. चाचणीच्या आधी."

ती लिहून घेत होती. मग म्हणाली, "तुम्हाला येते ती भाषा?"

"नाही. मला तर स्पॅनिशही येत नाही."

"अय्या, मलाही नाही," ती म्हणाली. "आणि आडनाव बघा, चावेस. इथे कोणाला सांगितलेलं नाही अजून."

मी म्हटलं, सांगून टाका. उद्या शाळेत गेल्यागेल्या सांगा.

ती हसली, आभार मानून फोन ठेवला. अजून सदतीस मुलांचे कागद पाठवायचे आहेत.